लहान कारखाने पर्यावरणपूरक उत्पादनाकडे कशामुळे वळतात? प्लेटिंगच्या धंद्यातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाहनांच्या सुट्या भागांना झिंक प्लेटिंग (गंज लागू नये म्हणून जस्ताचा थर) करून देणारं तुमचं छोटं युनिट आहे आणि वसाहतीतल्या उद्योजक संघटनेत पर्यावरणाचं काम तुमच्याकडे आलं आहे. कार्यशाळा झाल्या, अनुदानाच्या योजना समजावून झाल्या, बाहेरून माणसं बोलावून व्याख्यानं झाली. तरी बदल करणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच. अभ्यास वाचले की घटकांची यादी मिळते: कायदा, ग्राहकाचा दबाव, भांडवल, तंत्रज्ञान, मालकाची इच्छा, कामगारांचं प्रशिक्षण. यातला सर्वांत महत्त्वाचा कोणता आणि संघटनेने जोर कुठे लावायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं प्लेटिंग, पावडर कोटिंग आणि फाउंड्रीच्या लहान कारखान्यांत पाणी, वीज आणि रसायनं वाचवण्याचं काम करतो. बहुतेक काम भोसरी-चाकण पट्ट्यातलं, काही कोल्हापूरकडचं. त्या अनुभवावरून लिहितो आहे. औषधनिर्मिती किंवा साखर कारखान्यांना यातलं सगळं लागू होईलच असं नाही.

तुमच्या यादीतला एकही घटक चुकीचा नाही. पण हे घटक एकमेकांत मिळवत जायचे गुण नाहीत. कायदा चाळीस गुण, भांडवल तीस गुण, असं करून शंभर भरले की कारखाना बदलला, असं होत नाही. यातला एक जरी कमी असला तरी बाकीचे पाच अडून बसतात, आणि कमी असलेला घटक प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो. म्हणून विचारायचा प्रश्न असा: या विशिष्ट कारखान्यात गाडी नेमकी कुठे अडली आहे? मी पाहिलेल्या बहुसंख्य लहान युनिटांत ती दोन ठिकाणी अडलेली असते. एक, नुकसान होतंय हे मालकाला स्वतःच्या रुपयांत दिसत नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नाही. दोन, बदलाच्या पहिल्या प्रयोगाची सगळी जोखीम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असते. तुमच्या कार्यशाळा आणि अनुदानाची माहिती या दोन्हींपर्यंत पोचत नाहीत. म्हणून माणसं ऐकतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तीच लाइन तशीच चालवतात. त्यांना पर्यावरणाची पर्वा नाही, असा अर्थ मी यातून काढत नाही. त्यातले कित्येक जण त्याच वसाहतीच्या शेजारी राहतात आणि त्याच बोअरचं पाणी वापरतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही जॉबवर्क (ग्राहकाच्या मालावर मजुरीने काम) करता की स्वतःचा माल विकता, याने खूप फरक पडतो. जॉबवर्कवाल्याला किलोमागे ठरलेला दर मिळतो. त्याच्या हातात ड्रॉइंगही नसतं आणि किंमतही नसते. शेड स्वतःची आहे की भाड्याची, हे फारसं कुणी विचारत नाही, पण भाड्याच्या शेडमध्ये कुणी जमिनीखाली पाइपलाइन फिरवत नाही आणि छतावर सोलर लावत नाही. करार अकरा महिन्यांचा असेल तर तीन वर्षांत वसूल होणारी गुंतवणूक त्याने का करावी? पाणी एमआयडीसीचं मीटरवर येतं, टँकरने येतं की बोअरमधून फुकट उपसलं जातं, यावरही बरंच ठरतं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला पाणीबचत समजवावी लागत नाही. आणि माल शेवटी निर्यातीच्या गाडीत बसतो की देशातल्या सुट्या भागांच्या बाजारात जातो, तेही पाहावं लागतं.

आता मोजण्याबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम हेच आहे.

तुमचीच लाइन डोळ्यांसमोर आणा. डीग्रीझिंग (तेल काढणं), धुणं, पिकलिंग (आम्लात गंज काढणं), धुणं, झिंकची व्हॅट म्हणजे द्रावणाची टाकी, धुणं, नायट्रिक डिप, पॅसिव्हेशन (झिंकवर गंजरोधक थर), पुन्हा धुणं, ड्रायर. प्रत्येक व्हॅटमधून बॅरल, म्हणजे माल भरलेलं भोकांचं पिंप, वर उचलला की त्याच्याबरोबर द्रावणाचा काही भाग बाहेर येतो. हाच ड्रॅग आउट. हे द्रावण तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेलं असतं. ते धुण्याच्या टाकीत जातं, ते काढायला पाणी लागतं, ते पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत जातं, तिथे चुना आणि मेटाबायसल्फाइट खातं, त्याचा गाळ होतो, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायला पुन्हा किलोच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. म्हणजे एकाच लिटर द्रावणाचे तुम्ही चार-पाच वेळा पैसे भरता. पण वह्यांमध्ये हे पैसे वेगवेगळ्या खात्यांत पडतात: रसायनं खरेदीत, पाणी एमआयडीसीच्या बिलात, चुना किरकोळीत आणि गाळ पर्यावरण खर्चात. त्यांची बेरीज करून 'ड्रॅग आउटचा खर्च' असा एक आकडा कुणीच काढत नाही. जो आकडा निघत नाही त्याच्यावर कुणी भांडवल लावत नाही.

बॅरल व्हॅटच्या वर थोडा वेळ निथळू देणं हा पहिला उपाय. दहा-पंधरा सेकंद जास्त मिळाले तरी ड्रॅग आउट चांगलाच उतरतो. दुसरा उपाय उलट्या प्रवाहाने धुण्याचा. समजा एका बॅरलबरोबर एक लिटर द्रावण बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवल्या, ताजं पाणी दुसऱ्या टाकीत सोडलं आणि ते ओसंडून पहिल्या टाकीत येऊ दिलं, म्हणजे माल पुढे आणि पाणी मागे, तर तेवढ्याच सफाईला बत्तीसेक लिटर पुरतं. तीन टाक्या असतील तर दहा. शॉपफ्लोअरवर पुस्तकातलं गणित तंतोतंत उतरत नाही, कारण टाकीतलं पाणी नीट ढवळलं जात नाही आणि बॅरलच्या भोकांत द्रावण अडकून राहतं. पण त्याच्या निम्म्याने जरी उतरलं तरी पाण्याचं बिल ओळखू येणार नाही. यासाठी लागतं काय? एक जादा प्लास्टिकची (पीपीची) टाकी, थोडी पाइपिंग आणि पाण्यावर एक मीटर. यात अनुदानाचा प्रश्न येतच नाही.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण मीटर नाही. धुण्याच्या टाकीचा नळ सकाळी सोडतात तो रात्री बंद करतात. माझा अनुभव असा की मालकाला निव्वळ उपदेश करण्यापेक्षा त्या एका नळावर महिनाभर मीटर लावून दिला तर पुढचं बोलणं तोच सुरू करतो.

हीच गोष्ट कॉम्प्रेसरची. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक छिद्र असेल, तर तेवढी हवा भरून काढायला साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज सतत जाते. वर्षाला सहा हजार तास लाइन चालली तर एकवीस हजार युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये त्या एका छिद्रातून जातात. रविवारी सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून तो किती वेळा लोड घेतो, म्हणजे हवा भरू लागतो, एवढं पाहिलं तरी गळतीचा अंदाज येतो. दाब विनाकारण जास्त ठेवला असेल तर एक बार कमी केल्याने साधारण सहा-सात टक्के वीज वाचते, ते वेगळंच.

मोजणं हा पहिला अडथळा. पण मोजून झाल्यावरही गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा दुसरा अडथळा समोर येतो: जोखीम. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच धंद्यात घडलेलं आहे.

झिंकवर पिवळं पॅसिव्हेशन करायला आपल्याकडे वर्षानुवर्षं हेक्झाव्हॅलंट क्रोम वापरत होते. कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे हे माहीत होतं, कामगारांच्या हातांना आणि नाकाला होणारा त्रासही डोळ्यांना दिसत होता. तरी ते टिकलं, कारण ते फार सोसणारं द्रावण आहे. धुणं थोडं कमी-जास्त झालं, पीएच हलला, द्रावणात लोखंड उतरलं, तरी माल पिवळाधमक निघायचा. शिवाय त्या थरावर ओरखडा पडला तर तो काही प्रमाणात स्वतःच भरून निघतो, त्यामुळे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासणाऱ्या सॉल्ट स्प्रे चाचणीत माल पास होत असे. त्याच्या जागी आलेलं ट्रायव्हॅलंट क्रोम तितकं सोसत नाही. त्याचा पीएच ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो, लोखंड आणि झिंक किती साचलं ते तपासावं लागतं, आधीचं धुणं चोख लागतं. नाही तर दोन दिवसांत पांढरा गंज आणि लॉटच्या लॉट परत.

हे बदललं कशामुळे? युरोपीय संघाने २००० साली जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीचा नियम आणला आणि गाडीच्या भागांवरच्या गंजरोधक थरांत हेक्झाव्हॅलंट क्रोम १ जुलै २००७ नंतर चालणार नाही असं ठरलं. वाहन कंपन्यांनी ड्रॉइंगवरची नोंदच बदलली. पुण्यातल्या प्लेटिंगवाल्याला कुणी व्याख्यान दिलं नाही. त्याच्या हातात नवं ड्रॉइंग आलं आणि त्यासोबत एक तारीख आली.

पण सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट इथे आहे. नुसत्या दबावाने हा बदल पार पडला असता असं मला वाटत नाही. ज्या ग्राहकांनी नव्या प्रक्रियेचे नमुने आपल्या प्रयोगशाळेत तपासून दिले, मंजुरीसाठी मुदत दिली, आणि चाचणीच्या काळात नापास झालेल्या मालाचा दंड लावला नाही, त्यांच्या पुरवठादारांकडे बदल नीट बसला. रसायन पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपली माणसं पाठवून पहिले काही आठवडे व्हॅटशेजारी उभं राहून टायट्रेशन (द्रावणात रसायन किती आहे ते मोजणं) शिकवलं, तिथे तर तो टिकलाच. जिथे फक्त पत्र आलं, तिथे काहींनी दोन लाइनी ठेवल्या, निर्यातीच्या मालाला ट्रायव्हॅलंट आणि बाकीच्याला जुनंच.

जोखमीचं अजून एक रूप जॉबवर्कवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. वाहन उद्योगात प्रक्रिया स्वतःहून बदलता येत नाही. रसायन बदललं, व्हॅटचा क्रम बदलला, अगदी धुण्याची पद्धत बदलली तरी ग्राहकाला बदलाची सूचना द्यायची, नमुने पाठवायचे, पीपीएपी, म्हणजे भाग आणि प्रक्रियेला ग्राहकाची औपचारिक मंजुरी, पुन्हा घ्यायची. त्यात महिने जातात. मधल्या काळात एक लॉट परत आला तर पुढच्या सहा महिन्यांचं काम शेजाऱ्याकडे जाऊ शकतं. बचत होईल महिन्याला काही हजारांची, आणि पणाला लागतो सगळा ग्राहक. अशा वेळी 'चालू आहे ते चालू दे' असं म्हणणारा मालक अडाणी नसतो. त्याचा हिशेब बरोबर असतो. तो हिशेब बदलायचा असेल तर जोखमीचा वाटा कुणीतरी उचलला पाहिजे.

कायद्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. कायदा लागतोच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो एकटा आला तर काय होतं आणि सोबतीने आला तर काय होतं, हे दोन गावांवरून पाहता येतं.

फिरोजाबादमध्ये काचेच्या भट्ट्या कोळशावर चालत. ताजमहालाच्या परिसरातल्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला की त्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूवर यावं, नाही तर तिथून हलावं. आदेश कडक होता, पण त्याचबरोबर गेल या सरकारी कंपनीची वायुवाहिनी तिथे पोचली. वायू आला तरी भट्टी जुन्याच धाटणीची असेल तर तो महाग पडतो. तेव्हा टेरी या संस्थेने बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता परत वापरणारी पॉट भट्टी तयार करून तिथल्याच एका कारखान्यात चालवून दाखवली. ती चाललेली शेजाऱ्यांनी पाहिली आणि मग ती पसरली. आदेश, इंधन आणि डोळ्यांसमोर चालणारी भट्टी ही तिन्ही जमून आली. यातली एक गोष्ट काढून घ्या आणि बाकीच्या दोघींनी काय झालं असतं याचा विचार करा.

तिरुप्पूरमध्ये दबाव जास्त कठोर होता. नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या लढ्यातून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळं लावायला सांगितलं. त्यानंतर सामायिक सांडपाणी प्रकल्पांतून एक थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत तिथे रुजली. पाणी परत वापरायचं, मीठही परत काढून वापरायचं. खर्च मोठा आणि तो आजही आहे. पण एकेकट्या छोट्या रंगाईवाल्याला हे कधीच परवडलं नसतं, सामायिक प्रकल्पामुळे ते शक्य झालं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा प्रकल्प क्लस्टर म्हणून उभा केला, त्यामागे हाच विचार आहे.

कायद्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची बाब तो सगळ्यांना सारखा लागतो का, ही आहे. तुम्ही ईटीपी नीट चालवता, त्याचा खर्च किलोमागे काही पैसे पडतो. समोरच्या गल्लीतला माणूस रात्री नाल्यात सोडतो आणि तेवढ्याने दर कमी लावतो. पहिल्याच वर्षात तुमचं काम त्याच्याकडे जातं. मी पाहिलेल्या प्रामाणिक मालकांची खरी तक्रार कायद्याबद्दल नसते, ही असते. संघटना म्हणून तुम्हाला इथे काही करता येण्यासारखं आहे, त्याकडे पुढे येतो.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात. फाउंड्रीतलं एक उदाहरण पुरेसं आहे. क्युपोलात (कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीत) हवा एकाच ओळीतल्या ट्वीअरमधून, म्हणजे हवेच्या तोंडांतून, न देता दोन ओळींत विभागून दिली तर वरच्या ओळीतल्या हवेने कार्बन मोनॉक्साइड जळून जातो, धातू जास्त गरम निघतो आणि कोक लक्षणीय वाचतो. टेरीने हे १९९८ मध्ये हावड्याच्या एका फाउंड्रीत दाखवलं आणि पुढे देशातल्या इतर फाउंड्री क्लस्टरांतही ते गेलं. कल्पना जुनीच होती. पण ओळींमधलं अंतर किती, ब्लोअर केवढा, शाफ्टची उंची किती, हे चुकलं तर फायदा मिळत नाही. गावातल्या फॅब्रिकेटरला हे बारकावे समजले आणि बिघडलं तर दुसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करणारा माणूस जवळ असला, तर तंत्रज्ञान रुजतं. परदेशी यंत्र उत्तम असेल, पण त्याचा एक सेन्सर यायला तीन आठवडे लागत असतील तर लहान कारखानदार त्याच्या वाटेला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रशिक्षणाविषयी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बॅरल पंधरा सेकंद निथळू द्यायचा, हे ऑपरेटरला अर्ध्या दिवसात शिकवता येतं. पण त्याचा पगार किंवा ओव्हरटाइम पाळीत किती बॅरल निघाले यावर ठरत असेल, तर तो निथळू देणार नाही. त्याला कळत नाही म्हणून नव्हे, त्याचं नुकसान होतं म्हणून. एका कारखान्यात आम्ही व्हॅटवर आडवा पाइप बसवला. रॅक त्याच्यावर टांगायचा, दुसरा उचलायचा, तोवर पहिला निथळतो. ऑपरेटरला थांबावं लागत नाही, त्याची मोजणी कमी होत नाही. पाइप कुठे बसवायचा हे तिथल्याच एका जुन्या ऑपरेटरने सुचवलं होतं. मालकाची बांधिलकी म्हणतात ती मला भिंतीवरच्या पर्यावरण धोरणाच्या फ्रेममध्ये कधी दिसली नाही. पाळीचा सुपरवायझर उत्पादनाच्या आकड्याशेजारी पाण्याचा आकडा लिहितो का आणि मालक तो सकाळी विचारतो का, यात ती दिसते.

भांडवल आणि अनुदान मी मुद्दाम मागे ठेवलं. योजना आहेत. झेड (दोष कमी, पर्यावरणावर परिणाम कमी अशा उत्पादनासाठीच्या) प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० आणि मध्यमाला ५० टक्के सवलत मिळते. ऊर्जाक्षमता ब्यूरोने २०२५ मध्ये ऊर्जाबचतीच्या कर्जांवर व्याजसवलतीची योजना आणली आहे, सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यमांना ३. त्यांचा उपयोग आहे. पण ज्याने मोजलेलं नाही त्याला किती कर्ज घ्यायचं हेच माहीत नसतं. आणि दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायला हवेत. प्रत्यक्षात ज्याचे पैसे चार-चार महिने अडकतात, तो वर्षभरात वसूल होणारी गुंतवणूकसुद्धा करत नाही, कारण त्याच्याकडे त्या महिन्याच्या पगाराची सोय आधी करायची असते. अभ्यासांत याची गणना 'भांडवलाचा अभाव' अशी होते. मला वाटतं, मोठ्या ग्राहकाने बिल वेळेवर देणं हे हरित उत्पादनाला अनुदानाइतकंच हातभार लावणारं आहे.

आणि इथेच ग्राहकाच्या प्रश्नावल्यांकडे यावं लागतं. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. युरोपच्या कार्बन सीमाकराची (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरच्या कराची) फक्त माहिती कळवण्याची पायरी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. पोलादाबरोबर नट-बोल्ट, स्क्रूही त्याच्या यादीत आहेत. म्हणून तुमच्या ईमेलवर त्या लांबलचक एक्सेल शीट येतात: किती वीज, किती पाणी, किती घातक कचरा. बहुतेक जण त्या अंदाजाने भरतात. तसं करू नका. तीच शीट हातात धरून ग्राहकाशी बोलण्याची हीच वेळ आहे. 'आकडे आम्ही मीटर लावून देतो, पण धुण्याची पद्धत बदलायला मंजुरी लवकर द्या, नमुन्यांची चाचणी तुमच्याकडे करा,' असं म्हणता येतं. एकट्या युनिटने म्हटलं तर कुणी ऐकेल न ऐकेल. वसाहतीतल्या बारा प्लेटिंगवाल्यांनी एकत्र म्हटलं तर ग्राहकाच्या खरेदी विभागाला उत्तर द्यावं लागतं, कारण आता त्या आकड्यांची गरज त्यालाही आहे.

इथवरचं दोन ओळींत सांगायचं तर: ग्राहक आणि कायदा यांच्यामुळे बदलाची तारीख ठरते, मोजमापामुळे तो पटतो, आणि जोखमीचा वाटा उचलणारं कुणी असेल तर तो टिकतो. पैसा आणि प्रशिक्षण यानंतर कामाला येतात.

मग संघटनेने काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर पुढची कार्यशाळा रद्द करून त्या पैशांत पाण्याचे चार-पाच मीटर, वीज मोजायला एक क्लॅम्प मीटर आणि एक हातातला पीएच-टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) घेतला असता. हा संच सभासदांना महिना-महिनाभर फिरता द्यायचा. सोबत डिप्लोमाची दोन मुलं, रोज वाचन लिहून घ्यायला. महिन्याच्या शेवटी मालकाला एक पान द्यायचं: किलोमागे किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती गाळ. दुसऱ्याच्या कारखान्याचं नाव न घेता वसाहतीतले सर्वांचे आकडे शेजारी मांडायचे. एकाच प्रकारच्या मालाला शेजारचा माणूस आपल्या निम्म्या पाण्यात धुतो, हे दिसलं की काय होतं ते तुम्हीच पाहाल.

मग एकच कारखाना निवडायचा. सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात उत्साही नको. ज्याच्याकडे बाकीचे 'त्याला जमलं तर आपल्याला जमेल' असं म्हणून पाहतात, असा मधल्या आकाराचा. तिथल्या धुण्याच्या टाक्या बदलायच्या, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्या बदलामुळे माल परत आला तर त्याचा खर्च संघटनेच्या निधीतून सोसायचा, हे लेखी द्यायचं. रक्कम फार मोठी नसते, कारण धुणं सुधारल्याने रिजेक्शन सहसा वाढत नाही, कमीच होतं. पण लेखी हमीमुळे मालकाच्या मनातली अडखळ निघते. तिन्ही महिने रजिस्टर उघडं ठेवायचं आणि बाकीच्यांना शनिवारी तिथे नेऊन व्हॅटशेजारी उभं करायचं.

रात्री नाल्यात सोडणाऱ्यांचा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळावर सोडून चालणार नाही. एखाद्याचं नाव कळवून वैर ओढवून घेणं सभासदांना जमत नाही, हे मला समजतं. पण वसाहतीच्या नाल्यावर दोन-तीन ठिकाणी रोज पीएच आणि टीडीएस मोजून तो तक्ता संघटनेच्या फलकावर लावता येतो. मधल्या रात्री टीडीएस उसळलेला सगळ्यांना दिसला की सोडणाऱ्याला ते कळतं. ग्राहकांशी बोलतानाही हा तक्ता उपयोगी पडतो: फक्त दर पाहून काम देऊ नका, घातक कचरा पाठवल्याच्या कागदाची, म्हणजे मॅनिफेस्टची प्रत मागा. गाळच निघत नसेल तर ईटीपी चालत नाही, हे समजायला ग्राहकाला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

तुमच्या स्वतःच्या युनिटबद्दल नेमकं सांगायला मला तीन आकडे हवेत: महिन्याला किती टन माल काढता, पाण्याचं बिल किंवा टँकरची संख्या, आणि गेल्या वर्षी किती गाळ पाठवला. गाळाचा आकडा तुमच्या वार्षिक विवरणपत्रात आहेच. झिंकची व्हॅट सायनाइडची आहे की बिनसायनाइडची, तेही लिहा. सायनाइडची असेल तर मी आधी तिच्याविषयी बोलेन आणि धुण्याच्या टाक्यांकडे नंतर येईन.